कोऱ्या कागदावरची अक्षरे
(घरी करून पाहण्याचा एक विज्ञानपाठ)



स्मरणिकेसाठी काही लिहावे असे आम्हाला सांगण्यात आले, तेव्हा विज्ञानाचे महत्त्व सांगणारा लेख लिहिण्याऐवजी हाताने करून पाहता येईल असा एखादा पाठच द्यावा असे आम्ही ठरविले. विज्ञानाचे महत्त्व सांगून पटत नाही, ते करून पटते, हा रविवारच्या अभ्यासवर्गातील आमचा नेहमीचा अनुभव आहे. या पाठासाठी प्रयोगशाळा लागत नाही. लिंबू, दूध, साखर, हळद, खाण्याचा सोडा, भाताची पेज आणि औषधाच्या दुकानात मिळणारे आयोडीन एवढ्यावर काम भागते. विषय आहे अदृश्य शाई, म्हणजे लिहिताना न दिसणारी आणि नंतर आपल्या इच्छेने दिसणारी अक्षरे.

हाच विषय का निवडला, ते आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक मुलगा सलग दोन रविवार आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की, घरात वाद झाला होता. दुपारच्या वेळी, कामाची माणसे बाहेर असताना एक अनोळखी इसम त्यांच्या दारी आला. घरात आजी एकटीच होती. त्याने झोळीतून एक कोरा कागद काढला, दोन्ही बाजूंनी आजीला दाखविला आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवर धरला. बघता बघता कागदावर तपकिरी अक्षरे उमटली. "घरावर करणी आहे, नातवावर वेळ आहे," असे त्याने वाचून दाखविले आणि उतारा करण्यासाठी पैसे मागितले. आजीने भिशीचे साठवलेले पैसे काढून दिले.

या घटनेत एक गोष्ट आमच्या मनाला फार लागली. आजीला वाचता येत नव्हते. कागदावर खरोखर काय उमटले होते हे तिला आजही माहीत नाही. त्या इसमाने जे वाचून दाखविले तेच तिने खरे मानले. निरक्षरता आणि भीती या दोन गोष्टी एकत्र आल्या की एका कोऱ्या कागदाच्या बळावर माणूस लुबाडला जातो.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही वर्गात पुस्तक उघडलेच नाही, लिंबू कापले. त्या दिवशी केलेले आणि पुढे सुधारत नेलेले प्रयोग खाली क्रमाने देत आहोत.

प्रयोग पहिला : उष्णतेने दिसणारी अक्षरे

साहित्य : एक लिंबू, दोन चमचे दूध, एक चमचा साखर, साधे पाणी, चार छोट्या वाट्या, कापूस गुंडाळलेल्या चार काड्या, एकाच वहीचे पाच कोरे कागद, पेन्सिल, एक जुने सुती कापड आणि इस्त्री.

कृती : पहिल्या वाटीत लिंबाचा रस गाळून घ्यावा व त्यात तेवढेच पाणी घालावे. दुसऱ्या वाटीत दूध घ्यावे. तिसऱ्या वाटीत साखर दोन चमचे पाण्यात विरघळवून घ्यावी. चौथ्या वाटीत नुसते पाणी घ्यावे. कागदांच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीने १, २, ३, ४ असे क्रमांक घालावेत. क्रमांक घालायला विसरू नये, कारण वाळल्यावर चारही कागद सारखेच दिसतात आणि कशाने काय लिहिले हे आपल्यालाच ओळखू येत नाही. आमच्या पहिल्या वर्गात हाच घोटाळा झाला होता.

आता प्रत्येक कागदावर त्या त्या क्रमांकाच्या वाटीतील द्रवाने एकच अक्षर ठळक काढावे. काडी फार ओली करू नये व दाबून लिहू नये. पाचवा कागद तसाच कोरा ठेवावा. सर्व कागद सावलीत पंधरा ते वीस मिनिटे पूर्ण वाळू द्यावेत.

त्यानंतर टेबलावर सुती कापड अंथरून त्यावर एकेक कागद ठेवावा. इस्त्रीचा खटका सुती कपड्यांच्या खुणेवर ठेवून ती कागदावरून सावकाश फिरवावी. वाफेची इस्त्री असल्यास वाफ बंद ठेवावी. दर दहा सेकंदांनी इस्त्री उचलून कागद पाहावा.

सावधगिरी : इस्त्री मोठ्या माणसानेच धरावी, मुलांनी पाहावे व नोंद करावी. मेणबत्ती, गॅस किंवा निखाऱ्यावर कागद धरू नये. कागद पेट घेण्यास क्षणही लागत नाही.

जुन्या पुस्तकांत हा प्रयोग विजेच्या दिव्यावर कागद धरून करावा असे लिहिलेले आढळते. पूर्वीचे तारेचे ६० किंवा १०० वॉटचे दिवे खूप तापत, म्हणून ते जमत असे. आता घरोघरी एलईडी दिवे आहेत. ते प्रकाश देतात, पण कागद करपेल एवढे तापत नाहीत. एका मुलीने घरी अर्धा तास दिव्यापाशी कागद धरला आणि "प्रयोग खोटा आहे" असे येऊन सांगितले. प्रयोग खोटा नव्हता, दिवा बदलला होता. पुस्तकातली कृती करताना ती कोणत्या काळातली आहे हेही पाहावे लागते.

निरीक्षण : लिंबाच्या रसाचे अक्षर तपकिरी होऊन स्पष्ट दिसते. दुधाचे व साखरेच्या पाण्याचे अक्षरही उमटते, मात्र रंगाची छटा आणि लागणारा वेळ वेगवेगळा असतो. साध्या पाण्याचे अक्षर तपकिरी होत नाही. कोरा कागद कोराच राहतो. इस्त्री फार वेळ फिरविली तर मात्र पाचही कागद पिवळट होऊ लागतात.

असे का होते?

कागद हा वनस्पतींच्या तंतूंपासून, म्हणजे सेल्युलोजपासून बनतो. तो पुरेसा तापला की करपतो व तपकिरी होतो. लिंबाच्या रसात सुमारे ५ ते ६ टक्के सायट्रिक आम्ल असते, थोडी साखरही असते. हे आम्ल वाळल्यावर तंतूंमध्येच राहते. तापविल्यावर आम्ल लागलेली जागा आणि रसातील इतर पदार्थ भोवतालच्या कागदाआधीच करपू लागतात. म्हणून अक्षर तपकिरी होते तेव्हा बाकीचा कागद पांढराच असतो. आणखी तापविल्यास तोही करपतो आणि अक्षर पुन्हा हरवते. अक्षर दिसण्याचा काळ हा या दोहोंच्या मधला आहे.

दुधाचे कारण थोडे निराळे आहे. दुधात प्रथिने आणि दुधातील साखर असते. प्रथिने व साखर एकत्र तापली की तपकिरी रंगाचे पदार्थ तयार होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ मायार याने १९१२ साली या क्रियेचा अभ्यास प्रसिद्ध केला, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. नाव परके असले तरी क्रिया आपल्या घरचीच आहे. भाकरी-चपातीवर पडणारे तपकिरी डाग आणि दूध आटविताना बदलत जाणारा रंग यांत हीच क्रिया घडत असते.

चौथा व पाचवा कागद कशासाठी?

मुले नेहमी विचारतात, "सर, पाण्याने लिहून काय उपयोग? आणि कोऱ्या कागदाला इस्त्री कशाला?" या प्रश्नाचे उत्तर हेच या पाठाचे सार आहे.

समजा आपण फक्त लिंबाचा कागद तापविला व अक्षर उमटले. मग ते लिंबामुळे उमटले की नुसते ओले केल्यामुळे, हे कसे सांगणार? पाण्याचा कागद त्याचे उत्तर देतो. अक्षर नुसत्या उष्णतेने उमटले का? कोरा कागद त्याचे उत्तर देतो. इस्त्री तीच, कागद त्याच वहीचा, वेळ तेवढाच, फरक फक्त एका गोष्टीचा. असा कागद शेजारी ठेवला म्हणजेच कारण हाती लागते. या शेजारच्या कागदाला विज्ञानात नियंत्रित नमुना म्हणतात. नवे औषध तपासताना काही रुग्णांना खरे औषध व काहींना तशीच दिसणारी परंतु औषध नसलेली गोळी देतात, त्यामागेही हाच विचार आहे.

आजीच्या दारी आलेल्या इसमाने एकच कागद तापविला. तो कागद त्याचा होता, त्याने आणलेला होता. शेजारी दुसरा कागद नव्हता.

प्रयोग दुसरा : हळदीने दिसणारी अक्षरे

पहिल्या प्रयोगावरून काही मुलांचा असा समज होतो की, लपलेले अक्षर उष्णतेनेच दिसते. तो दूर करण्यासाठी हा प्रयोग आहे.

साहित्य : एक चमचा खाण्याचा सोडा, चार चमचे पाणी, अर्धा चमचा हळद, दोन चमचे पाण्यासारखे पातळ सॅनिटायझर, अर्धे लिंबू, कापसाचे बोळे, काड्या, कोरे कागद.

कृती : सोडा पाण्यात ढवळून थोडा वेळ स्थिर ठेवावा आणि वरच्या पाण्याने कागदावर अक्षर लिहावे. दुसऱ्या कागदावर लिंबाच्या रसाने व तिसऱ्यावर साध्या पाण्याने लिहावे. कागद वाळू द्यावेत. हळद सॅनिटायझरमध्ये कालवून कापसाच्या बोळ्याने तिन्ही कागदांवर हलकेच फिरवावी. हळदीचा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, सॅनिटायझरमधील अल्कोहोलमध्ये चांगला विरघळतो. मात्र अल्कोहोल चटकन पेटते, म्हणून हा प्रयोग चूल, गॅस, उदबत्ती व तापलेली इस्त्री यांपासून दूर करावा. अंगावर जुने कपडे असावेत.

निरीक्षण : तिन्ही कागद पिवळे होतात, पण सोड्याने लिहिलेले अक्षर तांबूस लाल दिसते. त्या लाल अक्षरावर लिंबाचा थेंब टाकला तर ते पुन्हा पिवळे होते.

कारण : हळदीत करक्युमिन नावाचा रंगद्रव्य पदार्थ असतो. आम्लात तो पिवळा राहतो, अल्कलीत तांबडा होतो. सोड्याचे द्रावण सौम्य अल्कली आहे. हा अनुभव आपल्या आयांना पुस्तकावाचून ठाऊक आहे. पांढऱ्या कापडावर पडलेल्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो एकदम लाल होतो व भरपूर पाण्याने धुतल्यावर पुन्हा पिवळा दिसतो. साबण अल्कली असल्यामुळे असे घडते. हळदीत चुना कालवून जुन्या पद्धतीचे कुंकू तयार होते, तेही याच गुणामुळे. जास्वंदीच्या फुलाचा रस आम्लात लालसर गुलाबी व अल्कलीत हिरवट होतो.

भोंदूगिरीतील अनेक 'चमत्कारां'ची किल्ली या एका प्रयोगात आहे. सुरीच्या पात्याला जास्वंदीचा रस लावून वाळविला आणि त्या सुरीने लिंबू कापले, तर लिंबातून 'रक्त' निघाल्यासारखे दिसते. हळद लावलेल्या हातावर चुन्याचे पाणी पडले की हात लाल होतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी, शाळाशाळांतून असे प्रयोग करून दाखविले व त्यामागची कारणे उलगडून सांगितली. दि. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉक्टरांची हत्या झाली. त्यानंतर समितीने हे काम थांबविले नाही.

प्रयोग तिसरा : पेज आणि आयोडीन

हा प्रयोग आमचा प्रथम फसला. तो फसल्यामुळेच आम्ही अधिक शिकलो, म्हणून सविस्तर देतो.

भाताची पेज गाळून घ्यावी. तिने कागदावर अक्षर लिहून वाळू द्यावे. जखमेवर लावण्याचे आयोडीन अर्धा कप पाण्यात आठ-दहा थेंब टाकून पातळ करावे व कापसाच्या बोळ्याने कागदावर हलकेच फिरवावे. पेजेत पिष्टमय पदार्थ, म्हणजे स्टार्च असतो. स्टार्चला आयोडीन लागले की गडद निळा-जांभळा रंग येतो. आयोडीनचा शोध १८११ साली बर्नार कूर्त्वा या फ्रेंच रसायनतज्ज्ञास लागला आणि अवघ्या तीन वर्षांत स्टार्चबरोबरचा हा निळा रंग शास्त्रज्ञांच्या ध्यानात आला. आयोडीन पोटात जाता कामा नये. त्याचे डाग कपड्यावरून सहज जात नाहीत.

हे सारे वाचून आम्ही वर्गात मोठ्या उत्साहाने प्रयोग केला. बोळा फिरविला आणि संपूर्ण कागदच जांभळा झाला. अक्षर त्यात जेमतेम ओळखू येत होते. मुले हसू लागली. आम्हाला वाटले, पेज सांडली असेल. तेव्हा एका मुलीने उठून विचारले, "सर, न लिहिलेल्या कागदाला लावून बघू का?" तिने तसे केले. तो कोरा कागदही जांभळा झाला.

कारण मग लक्षात आले. वहीचा कागद गुळगुळीत व्हावा, शाई पसरू नये यासाठी कारखान्यात त्याला बहुधा स्टार्चची खळ दिलेली असते. म्हणजे ज्या कागदाला आम्ही कोरा समजत होतो त्यात स्टार्च आधीपासूनच होता. पुढच्या वेळी आम्ही शाई टिपण्याचा कागद आणि वर्तमानपत्राच्या कडेची कोरी पट्टी वापरून पाहिली, तेव्हा अक्षर अधिक उठून दिसले. कोणत्या कागदात किती स्टार्च आहे हे शोधण्याचा एक नवाच प्रयोग मुलांना मिळाला.

त्या मुलीने आम्हाला धडा दिला असे म्हटले पाहिजे. शेजारी कोरा कागद ठेवण्याचा नियम आम्हीच शिकविला होता आणि ऐनवेळी आम्हीच तो विसरलो होतो. शिक्षक चुकला तर विद्यार्थ्याने तपासून दाखवावे, यात शिक्षकाचा अपमान नाही.

इतिहासातील अदृश्य शाई

ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने एका वनस्पतीच्या चिकाने लिहून वाळू द्यावे व वर राख भुरभुरावी म्हणजे अक्षरे दिसतात, अशी नोंद केली आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या हेरांनी जेम्स जे या डॉक्टरने तयार केलेली शाई वापरली. उष्णता दिली की उघड होणारी शाई शत्रूच्याही हाती सहज सापडते. जे यांच्या शाईचे तसे नव्हते. ती दिसण्यासाठी दुसरे ठरावीक द्रावणच लावावे लागे.

पहिल्या महायुद्धात कार्ल म्युलर हा जर्मन हेर इंग्लंडमध्ये लिंबाच्या रसाने मजकूर लिहून पाठवीत असे. तो पकडला गेला तेव्हा लिंबू हाही त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरला. २३ जून १९१५ रोजी लंडनच्या टॉवरमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच युद्धात आयोडीनच्या वाफेचा उपयोगही पुढे आला. कागद कोणत्याही द्रवाने ओला झाला की त्याचे तंतू विस्कटतात आणि वाळल्यावरही तसेच राहतात. आयोडीनची वाफ अशा जागी वेगळी उमटते. आपल्या पहिल्या प्रयोगातील पाण्याने लिहिलेला चौथा कागद खिडकीपाशी तिरपा धरून पाहा. तपकिरी अक्षर नसले तरी कागद किंचित सुरकुतलेला दिसेल. 'काहीच नाही' असे आपण ज्याला म्हणतो त्याचाही माग राहतो.

मात्र हेरांच्या गोष्टींपेक्षा आम्हाला एका तुरुंगातील हकिकत अधिक मोलाची वाटते. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढणारे नेल्सन मंडेला १९६४ पासून १९८२ पर्यंत रॉबेन बेटावरील तुरुंगात होते. कैद्यांना एकमेकांशी बोलण्यास व निरोप पाठविण्यास बंदी होती. तेव्हा हे राजकीय कैदी दुधाने कागदावर निरोप लिहीत. दूध वाळले की कागद कोरा दिसे. कोठडी स्वच्छ करण्यासाठी मिळणारे जंतुनाशक त्यावर शिंपडले की अक्षरे दिसू लागत. मात्र दूध रोज मिळत नसे. कोणाला पोटाचा विकार झाला व डॉक्टरांनी दूध दिले, तर त्यातले थोडे ते लिहिण्यासाठी वापरीत. मंडेला यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात हे नमूद केले आहे.

तोच कोरा कागद आणि तीच युक्ती. एकाने तिचा उपयोग म्हातारीला भीती घालण्यासाठी केला, दुसऱ्यांनी अन्यायाशी लढताना परस्परांना धीर देण्यासाठी केला. पदार्थाचा गुण पदार्थात असतो, हेतू माणसात असतो.

आजच्या व्यवहारात

मतदान केल्यावर बोटाला लावतात ती शाई लावताना फिकट असते व नंतर गडद होते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते व प्रकाशाने त्याचा रंग बदलतो. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ही शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून येते. चलनी नोटांवरील क्रमांक अतिनील दिव्याखाली चमकतात. साध्या उजेडात न दिसणारी ही चमक खोट्या नोटा ओळखण्यास उपयोगी पडते.

याच्या उलट प्रकारची शाईही बाजारात आहे आणि तिच्याबाबत सर्वांनी सावध राहावे. काही पेनांची शाई घासून मिटविता येते. घासल्याने उष्णता निर्माण होते व सुमारे ६० अंश सेल्सियसला ती शाई रंगहीन होते. मुलांच्या अभ्यासाला असे पेन सोयीचे आहे, पण धनादेश, कर्जाचे कागद, भाडेकरार किंवा पावती यांवर अशा शाईने लिहिलेला आकडा मिटवून दुसरा घालता येतो. म्हणून समोरच्याने पुढे केलेल्या पेनाने रक्कम लिहू नये व कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. आपले साधे बॉलपेन जवळ ठेवावे. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांच्या जमिनी कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यापायी गेल्या, हे घरोघरी ऐकलेले आहे. शाई बदलली तरी धोका बदललेला नाही.

आजीचे काय झाले?

पहिला प्रयोग शिकून झाल्यावर तो मुलगा लिंबाने लिहिलेला कागद घरी घेऊन गेला. त्याच्या वडिलांनी इस्त्री धरली. आजी समोर बसली होती. अक्षरे उमटल्यावर ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मग नातवाला म्हणाली, "आता माझ्या हातानं काढून बघू दे." तिला अक्षरे येत नव्हती, म्हणून तिने लिंबाच्या रसाने एक गोल काढला. वाळल्यावर तापविला. गोल उमटला. तेव्हा ती म्हणाली, "मंजे मी पन त्याच्यासारखीच झाले की रे!"

पुढच्या रविवारी ती स्वतः वर्गात आली व मुलांना तिने सारी हकिकत सांगितली. फसवणूक झालेला माणूस लाजेने गप्प राहतो आणि त्याच्या गप्प राहण्यावरच पुढची फसवणूक उभी राहते. आजीने ते मौन मोडले. तिचे पैसे परत मिळाले नाहीत, तो इसमही पुन्हा दिसला नाही. परंतु आमच्या वस्तीत कोऱ्या कागदाची ही युक्ती आता दहा वर्षांच्या मुलालाही करून दाखविता येते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या इसमाचा कागद आम्ही पाहिलेला नाही. त्याने लिंबूच वापरले, दूध वापरले की आणखी काही, हे आम्ही सांगू शकत नाही. आमच्या प्रयोगाने एवढेच सिद्ध होते की, कोऱ्या कागदावर अक्षरे उमटण्यासाठी दैवी शक्तीची गरज नाही. मग तसा दावा करणाऱ्याची परीक्षा कशी घ्यावी? त्यासाठी वाद घालण्याची गरज नाही. आपल्या वहीतला कागद फाडून त्याच्या हाती द्यावा आणि म्हणावे, "आता यावर उमटवा."

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणे, लोकांना फसविणे किंवा त्यांच्यात दहशत निर्माण करणे हा त्या कायद्याने गुन्हा असून सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद व पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. असा प्रकार घडल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. भारतीय संविधानाच्या कलम ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे. हे कर्तव्य मोठ्या प्रयोगशाळेतच पार पाडता येते असे नाही. पाच कागद आणि एक लिंबू एवढ्यानेही त्याची सुरुवात होते.

तेव्हा मित्रांनो, येत्या सुट्टीत हे प्रयोग अवश्य करा. एकट्याने करू नका, आजी-आजोबांना व शेजारच्यांना बोलावून करा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आधी बोलवा. आणि घरातील सर्वांना दोनच गोष्टी सांगून ठेवा : चमत्कार पाहायचा असेल तर कागद आपला असू द्या, सही करायची असेल तर पेन आपले असू द्या.

अभ्यासासाठी प्रश्न

१. लिंबू, दूध, साखरेचे पाणी व कांद्याचा रस यांनी लिहून कोणते अक्षर सर्वांत आधी उमटते ते पाहा. इस्त्रीचा खटका व वेळ सारखाच ठेवला होता का, हेही लिहा.

२. लिंबाच्या रसात दुप्पट, चौपट, आठपट पाणी घालून लिहा. कितव्या कागदावर अक्षर दिसेनासे होते?

३. हळदीने लाल झालेले अक्षर लिंबाने पिवळे होते. त्यावर पुन्हा सोडा लावल्यास काय होईल? आधी अंदाज लिहा, मग करून पाहा.

४. घरातील पाच प्रकारच्या कागदांवर पातळ आयोडीनचा एकेक थेंब टाका. कोणत्या कागदात स्टार्च असावा?

५. तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी असा एखादा 'चमत्कार' पाहिला आहे का? त्या वेळी शेजारी कोणता दुसरा नमुना ठेवायला हवा होता, ते घरातील मोठ्या माणसांशी बोलून लिहा.